मांडवीची तर

तिसवाडी तालुक्याचा नकाशा समोर ठेवला की इथे तरीला एवढे महत्त्व का आले ते वेगळे सांगावे लागत नाही. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी, पूर्वेला या दोघींना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी आणि पश्चिमेला समुद्र. पणजी, रायबंदर, जुने गोवे, आगशी ही सगळी नावाजलेली गावे अशी चारी बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीवर वसलेली आहेत. त्यात मांडवीच्या पात्रात चोडण, दिवाडी, वांशी, सांत इस्तेव्ह ही आणखी बेटे. बाजार असो, कचेरी असो, सोयरीक असो की जत्रा असो, इथल्या माणसाला घरातून निघाल्यावर कुठेतरी पाणी आडवे येणारच. पिढ्यान्‌पिढ्या ते पाणी तरीने ओलांडले गेले. या स्मरणिकेत त्या तरीचा इतिहास यावा हे मला अगदी रास्त वाटते. गावची देवळे, चर्च, शाळा, वाचनालये यांचे इतिहास आपण हौसेने लिहितो, पण रोज सकाळी ज्या धक्क्यावर जाऊन उभे राहतो, त्याचा इतिहास लिहायचे आपल्या मनात येत नाही.

मांडवी म्हणजे वरच्या अंगाची म्हादई. भीमगडच्या रानात उगम पावून, सत्तरीतल्या डोंगरांतून उतरत ती खाली येते. दिवाडी-चोडणपाशी पोचेपर्यंत मात्र ती डोंगरची नदी राहिलेली नसते. इथे समुद्र तिच्यात शिरतो. दिवसातून दोनदा पाणी वर चढते, दोनदा उतरते आणि प्रवाहाची दिशाही त्याबरोबर फिरते. वल्ह्यांच्या काळात तारी सरळ समोरचा धक्का धरून होडी हाकारत नसे. भरती असेल तर तो खालच्या अंगाने सुटे, ओहोटी असेल तर वरच्या अंगाने, आणि पाण्यानेच आपल्याला हव्या त्या जागी नेऊन सोडावे असा त्याचा बेत असे. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हते. ते बापाकडून मुलाकडे येई.

या नदीचे आणखी एक वैशिष्ट्य पावसाळ्यात दिसते. आग्वादच्या मुखाशी वाळूचा बांध साचतो, वर समुद्र खवळलेला असतो आणि नदीचे तोंड मोठ्या जहाजांना जवळजवळ बंद होते. १५१० साली आफोंसो द आल्बुकेर्कने हे अनुभवले. वर्षाच्या सुरुवातीला घेतलेले गोवे मे महिन्यात आदिलशाही फौजांनी परत मिळवले. पोर्तुगीज जहाजांत चढले खरे, पण पावसाने त्यांना समुद्रात जाऊ दिले नाही. ऑगस्टपर्यंत ते मांडवीच्याच पात्रात, दोन्ही काठांवरच्या शत्रूच्या नजरेसमोर अडकून पडले. पुढे २५ नोव्हेंबर १५१० रोजी त्यांनी गोवे पुन्हा जिंकले, तेव्हा या पाण्याची किंमत त्यांना पुरती कळलेली होती.

म्हणूनच त्यांनी आधी तरीच्या जागा ताब्यात घेतल्या. १५४३ पर्यंत बार्देश आणि साष्टी त्यांच्याकडे आले नव्हते. तोवर तिसवाडीचा काठ हीच राज्याची हद्द होती आणि पलीकडचा काठ परमुलूख. जिथे जिथे उतार होता तिथे तिथे चौकी बसली. तिला ते ‘पासो’ म्हणत. बाणस्तारी, आगशी, गवंडाळी, नार्वे, पणजी, या जागांवर पहारा असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती होई. १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी असलेला डच कारकून यान हाउखेन फान लिन्शोटेन याने हे नीट पाहिले आणि १५९६ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले. बेटावरच्या एतद्देशीय माणसाला पलीकडच्या मुलखात जायचे असेल, तर चौकीवर त्याच्या उघड्या दंडावर शिक्का उमटवत. परत येताना तो दाखवावा लागे.

ही नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पान उलटू शकलो नाही. तांदूळ आणायला, लेकीला भेटायला निघालेली माणसे, आणि त्यांच्या अंगावर गुरांसारखी खूण. नदी ओलांडणे ही तेव्हा परवानगीची गोष्ट होती. पुढची साडेतीनशे-चारशे वर्षे या तरीवर जे जे घडले ते मी या एका खुणेपासून मोजतो.

त्याच शतकात माणसांआधी देवांना नदी ओलांडावी लागली. दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ कदंब राजांच्या कुलदैवताचे. ते १५४० च्या सुमारास पाडले गेले. लिंग भाविकांनी पाण्यापलीकडे डिचोली महालात नेले आणि नार्वे इथे त्याची स्थापना झाली. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. चोडणचा देवकीकृष्ण आधी मयेला आणि तिथून माशेलला गेला. झुआरीच्या काठावर कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला आला. आज आपण मंगेशीला वा माशेलला दर्शनाला जातो तेव्हा बहुधा हे ध्यानात येत नाही, की या दैवतांच्या इतिहासात एक होडी आहे आणि ती वल्हवणारे कुणीतरी आहे. त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. पकडले गेले असते तर त्यांचे काय झाले असते, हे त्या काळचा इतिहास वाचणाऱ्याला सांगायला नको.

जुने गोवे रोगराईने ओसरू लागले तशी नदीवरची वर्दळही खाली पश्चिमेकडे सरकली. १६३३-३४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द लिन्हारिशने रायबंदर ते पणजी हा तीन किलोमीटरहून लांब दगडी सेतू दलदलीतून बांधून काढला. तो आजही वाहतुकीला उभा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर व्हाइसरॉय पणजीला आदिलशहाच्या जुन्या वाड्यात राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. राजधानी जिथे, मुख्य तर तिथे. जुन्या गोव्यासमोरचा दिवाडीचा उतार मागे पडला आणि पणजी–बेती हा सगळ्यात गजबजलेला मार्ग बनला. बार्देश तालुका दाट वस्तीचा. तिथले वकील, कारकून, विद्यार्थी, कोळणी, भाजीवाल्या सगळ्यांचा ओघ बेतीच्या धक्क्यावर येऊ लागला.

तरीचा हक्क मक्त्याने दिला जाई. मक्तेदार माणशी पैसे घेई, सामानाचे वेगळे घेई. होड्या आधी वल्ह्या-शिडांच्या होत्या, विसाव्या शतकात यंत्रावरच्या लाँची आल्या. गोव्यातल्या लोकांनी त्यांना त्यांच्या इंधनावरून ‘गॅसोलीन’ असे नाव दिले आणि जुनी माणसे अजून तेच वापरतात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, फेस्ताची फेरी, देवळांच्या जत्रा यांच्यावर गॅसोलीनचे दिवस ठरत. आगशीची वांगी, मयड्याची केळी, हरमलची मिरची, सुक्या मासळीच्या पाट्या, कोंबड्या, नारळाच्या राशी, हे सगळे माणसांच्या पायांत रचलेले असे. पेडणे महालातल्या किनारी गावांतल्या माणसाला पणजी गाठायची तर आधी चोपडे–शिवोली अशी शापोरा नदी ओलांडायची, मग बार्देश तुडवून बेतीला मांडवी. त्याला पुढे मडगावला जायचे असले तर आगशी–कुठ्ठाळी ही तिसरी तर होतीच. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणे हे दिवसभराचे काम होते, आणि त्यातला मोठा भाग धक्क्यावर वाट पाहण्यात जाई.

त्या वाट पाहण्यातून काही गोष्टी उभ्या राहिल्या. धक्क्याजवळ चहाची दुकाने आली, वर्तमानपत्रे आली, सोयरिकी जुळल्या. पोर्तुगीजांच्या शेवटच्या दशकांत तिथे दबक्या आवाजात आणखीही काही बोलले जाई. आग्वाद आणि रेइश मागुश हे दोन्ही तुरुंग मांडवीच्या उत्तर काठावर. स्वातंत्र्यसैनिक तिथे कोंडलेले असत आणि त्यांच्या बातम्या पणजीला यायच्या त्या पाण्यावरूनच.

मग आला १९६१ चा डिसेंबर. १८ तारखेच्या पहाटे भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांनी डिचोली, कोलवाळ, अस्नोडा इथले पूल उडवून दिले. नद्यांवर विसंबून राहण्याची त्यांची साडेचारशे वर्षांची सवय शेवटच्या दिवशीही सुटली नव्हती. पण सैन्य अडले नाही. संध्याकाळपर्यंत सातव्या हलक्या घोडदळाचे रणगाडे आणि दुसरी शीख लाइट इन्फंट्री बेतीला येऊन पोचली. समोर पणजी, मध्ये जेमतेम अर्धा किलोमीटर पाणी. पुढे जायचा हुकूम आलेला नव्हता. मेजर शिवदेवसिंग सिद्धू रणगाड्यांची तुकडी घेऊन तसेच आग्वादकडे वळले. तिथल्या किल्ल्यात डांबलेल्या कैद्यांना सोडवायचे होते. त्या चकमकीत ते धारातीर्थी पडले. बाकीच्या सैन्याने बेतीच्या काठावर रात्र काढली.

१९ डिसेंबरच्या सकाळी हुकूम आला. साडेसातच्या सुमारास शीख पलटणीच्या दोन कंपन्या पणजीच्या काठावर उतरल्या. कुणी गोळी झाडली नाही. लिन्शोटेनने पाहिलेल्या त्या शिक्क्याचे राज्य मांडवीवरून गेले ते असे. पोर्तुगीज गव्हर्नराने शरणागती पत्करली ती त्याच दिवशी रात्री, पण पणजीचा निकाल सकाळी तरीच्या मार्गावरच लागला होता.

मुक्तीनंतर मक्तेदारी गेली. जलवाहतूक सरकारने हाती घेतली. आधी बंदर कप्तान खाते आणि पुढे नदी परिवहन खाते तिचा कारभार पाहू लागले. याच काळात आपल्याला आज ओळखीची असलेली लोखंडी फेरीबोट सगळीकडे दिसू लागली. सपाट बुडाची, मधे वाहनांसाठी मोकळा डेक, कडेला पायी माणसांची बाकडी, वर सुकाण्याची केबिन आणि टोकाला खाली सोडता येणारा लोखंडी रॅम्प. बोट दिसायला साधी आहे, पण या नदीला तिच्याइतके शोभणारे दुसरे वाहन नाही. मांडवीच्या पाण्याची पातळी भरती-ओहोटीला साधारण दोन मीटरने वरखाली होते. स्थिर उंचीचा धक्का असता तर दिवसातून निम्मा वेळ मोटार चढवताच आली नसती. म्हणून धक्का उतरता बांधतात, पाण्यात बुडत गेलेला. पाणी जिथे असेल तिथे बोट येऊन टेकते आणि रॅम्प टाकते. तोंड प्रवाहात वळू नये म्हणून माणसे उतरेपर्यंत इंजिन पुढे रेटत ठेवावे लागते. उधाणाच्या सुकतीला धक्क्याचा खालचा भाग उघडा पडतो, शेवाळाने गुळगुळीत झालेला. दुचाकीवाल्याची खरी परीक्षा तेव्हा असते, आणि खलाशाचीही. हात दाखवून एकेकाला पुढे घेणे, वजन दोन्ही बाजूंना सारखे ठेवणे, घाई करणाऱ्याला थोपवणे, हे तो एकटा करत असतो.

बोटीवर फार माणसे नसतात. चालवणारा मास्टर, इंजिनवाला आणि दोर, रॅम्प, तिकीट सांभाळणारे खलाशी. गणपती असो, नाताळ असो, शिगमा असो, त्यांची पाळी चुकत नाही, कारण सणाच्या दिवशीच गर्दी जास्त. त्यांना सगळ्यात अवघड काळ गेला तो खनिजाच्या भरभराटीचा. वरच्या धक्क्यांवरून लोहखनिज भरलेल्या बार्जेसची रांग मांडवीतून मुरगावकडे जात असे. बार्ज भरलेली असली की तिला पटकन थांबता येत नाही, वळता येत नाही. फेरीबोट मात्र तिच्या वाटेला आडवीच जाणारी. पहाटेच्या धुक्यात केवळ भोंग्याच्या आवाजावरून अंतर ओळखून बोट पलीकडे नेणारे मास्टर त्या काळात तयार झाले. पावसाळ्यात आग्वादचे तोंड बंद झाले की हीच बार्ज वाहतूक कुंभारजुव्याच्या खाडीतून झुआरीत वळे, म्हणजे तिथल्या तरीवाल्यांवर ताण. २०१२ मध्ये खाणकाम थांबले आणि नदी एकाएकी रिकामी दिसू लागली. ज्यांचे पोट त्यावर होते त्यांच्यासाठी तो वाईट काळ होता. तरीवाल्यांना मात्र पहिल्यांदाच मोकळे पाणी मिळाले.

पण मी पुढे गेलो. पुलाची गोष्ट राहिली.

१९७० साली पणजीचा नेहरू सेतू वाहतुकीला खुला झाला आणि बेतीच्या धक्क्यावरची गर्दी पाहता पाहता ओसरली. त्या पुलाचा आनंद खरा होता. मुंबईहून येणारा माणूस थेट पणजीत उतरू लागला, पेडण्या-बार्देशातला विद्यार्थी वर्गात वेळेवर पोचू लागला, रात्री आजारी पडलेल्याला दवाखाना जवळ आला. पणजी–बेतीची फेरी चालूच राहिली, पण मागे पडलेल्या माणसासारखी. तिच्याकडे लक्ष द्यायचे कुणाला कारण उरले नाही. आता सगळ्याच नद्यांवर पूल होतील आणि तरी जातील, असे तेव्हा सर्वांनी धरून चालले होते.

५ जुलै १९८६ रोजी तो सेतू कोसळला. वय अवघे सोळा वर्षे. खाऱ्या हवेत आतल्या पोलादी तारा गंजत गेल्या होत्या. ऐन पावसाळा, मांडवी तुडुंब, आणि उत्तर गोव्याचा राजधानीशी असलेला रस्ता पाण्यात.

त्या दिवसापासून बेतीच्या धक्क्यावर पुन्हा गोवा उभा राहिला. ज्या फेरीची दखल घेणे लोकांनी सोडले होते, तिच्यावर शाळा, कचेऱ्या, न्यायालये, बाजार, वर्तमानपत्रे सगळे अवलंबून झाले. अवजड वाहनांना फोंड्याकडून लांबचा वळसा घ्यावा लागे. पायी माणसे आणि दुचाक्या मात्र बेतीलाच येत. सकाळी रांग चढाच्या रस्त्यावर मागेपर्यंत जाई. छत्र्या, डबे, फायली, पाट्या आणि त्यांच्यामधून वाट काढणारे खलाशी. वाऱ्यापावसात बोटी थांबल्या नाहीत. नवा पूल १९९२ मध्ये सुरू झाला, म्हणजे सहा पावसाळे ही वाहतूक नदीने वाहिली. दुसरा जोडपूल १९९८ ला आला आणि तिसरा, केबलवर तोललेला अटल सेतू, २७ जानेवारी २०१९ ला. या पुलांच्या उद्घाटनांची भाषणे झाली, कोनशिला बसल्या. त्या सहा पावसाळ्यांत बोटी चालवलेल्या माणसांच्या नावाची एखादी पाटी बेतीच्या धक्क्यावर असती तर बरे झाले असते. अजूनही लावता येईल. त्यांतले कितीतरी जण निवृत्त होऊन आपल्याच गावांत राहत आहेत.

यानंतर एकेक तर खरोखरच बंद होत गेली. आगशी–कुठ्ठाळीचे महत्त्व १९८३ च्या झुआरी पुलाने आधीच संपवले होते. शिवोली–चोपडे पुलामुळे गेली, हळदोणे–खोर्जुवे गेली. त्याबद्दल हळहळ करण्यात अर्थ नाही. ज्या गावाला पूल मिळाला त्याचे जगणे सोपे झाले. तरीसुद्धा आज गोव्यात दीड डझनाच्या आसपास मार्गांवर फेरीबोटी धावतात. त्यांतला प्रत्येक मार्ग कुणाची तरी एकमेव किंवा सगळ्यात जवळची वाट आहे.

केरी–तेरेखोलचेच पाहा. तेरेखोल नदी ही महाराष्ट्राची हद्द. तेरेखोलचा किल्ला आणि गाव नदीच्या उत्तरेला, पण आहे गोव्यात. १७४६ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांनी तो घेतला, तेव्हापासूनची ही अवघड सीमा. फेरी बंद असली की तिथल्या माणसाला आपल्याच राज्यातल्या समोरच्या काठावर यायला सिंधुदुर्गातून फिरून यावे लागते.

चोडणला एक वाट जमिनीची आहे, मये-डिचोलीकडून. पण पणजीला नोकरी करणाऱ्याला ती परवडत नाही. त्याच्यासाठी रायबंदर–चोडण हीच खरी वाट. तिसरीकडे पोंबुर्फ्यालाही फेरी जाते. चोडणच्या पश्चिम टोकाच्या खारफुटीत १९८८ साली डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य झाले. पावणेदोन चौरस किलोमीटरचे, राज्यातले सगळ्यात छोटे, पण पक्षी पाहणारे जगभरातून येतात. तेही याच फेरीत चोडणच्या बायाबापड्यांच्या शेजारी उभे असतात. बेटावर अजून खाजन शेती आहे, बांध आहेत, मानशी आहेत. भरतीचे पाणी मानशीतून आत-बाहेर सोडणारा माणूस आणि फेरीचा मास्टर, दोघेही एकाच वेळापत्रकाने चालतात. ते वेळापत्रक चंद्राचे.

दिवाडीला मात्र आजही कुठूनच पूल नाही. जुन्या गोव्याच्या बाजूने दोन फेऱ्या आणि पलीकडे नार्व्याला एक, या तीन धक्क्यांवर सगळे बेट चालते. श्रावणातल्या अष्टमीला नार्व्याच्या घाटावर तीर्थस्नानाला लोक जमतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेराचा उत्सव असतो. त्या दिवशी दिवाडीच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा मिळत नाही. पूल हवा की नको यावर बेटावर एकमत नाही, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. आजारी माणूस घरात असलेल्याला रात्रीची फेरी चुकण्याची धास्ती कशी असते, हे बाहेरच्याला कळणार नाही. दुसऱ्या बाजूला समोरच्या काठावर जमिनींचे काय झाले ते दिवाडीकर रोज पाहतो. पूल आला की गिऱ्हाईक येते, मग कुंपणे येतात. फेरीने आजवर हे बेट शेतीचे ठेवले. मला विचाराल तर हा निर्णय बेटावरच्यांचाच असावा. पण तो होईपर्यंत, किंवा पूल झाल्यावरही, फेरीला दुय्यम मानता येणार नाही. १९८६ इतके जुने नाही.

आता पैशांचे. पायी माणसाला फेरीत तिकीट नाही. दुचाकीलाही नाही, मोटारींना थोडे शुल्क आहे. पर्यटकांना याचे आश्चर्य वाटते, पण ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्षाचे एक प्रकरण आहे. त्यात माणूस, जनावर, गाडा यांचे तरीचे दर बांधून दिले आहेत. आणि लहान मुले, म्हातारी माणसे, आजारी, गर्भवती यांच्याकडून काही घेऊ नये असेही सांगितले आहे. पाणी ओलांडणे ज्याला टळत नाही त्याच्या गरजेवर राज्याने कमाई करू नये, हे दोन हजार वर्षांपूर्वी ठरले होते. मुक्तीनंतरच्या गोव्याने ते सर्व पायी माणसांपर्यंत नेले. दंडावरच्या शिक्क्यापासून इथवर येणे ही मला आपल्या सार्वजनिक जीवनातली मोठी कमाई वाटते, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

म्हणूनच नोव्हेंबर २०२३ मध्ये दुचाकींना शुल्क लावण्याचा आणि मोटारींचे वाढवण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा बेटांवरची माणसे चिडली. शहरातल्यांना रक्कम किरकोळ वाटली. पण शहरातला माणूस घराबाहेर पडताना रस्त्याचे पैसे देत नाही, आणि बेटावरच्याचा रस्ता तर हाच. विरोधानंतर निर्णय स्थगित झाला. खात्याचा खर्च वाढतो आहे, डिझेल महाग आहे, बोटी जुन्या झाल्या आहेत, हेही खरे. तो खर्च सगळ्या गोव्याने मिळून उचलावा, नेमका बेटावरच्याच्या खिशातून काढू नये, एवढेच म्हणणे आहे.

जुलै २०२५ मध्ये रायबंदर–चोडण मार्गावर ‘गंगोत्री’ आणि ‘द्वारका’ या दोन रो-रो बोटी दाखल झाल्या. आधीच्या फेरीबोटींपेक्षा पुष्कळ मोठ्या आणि वेगवान, पर्यटनाच्या दिवसांत मोटारींची जी रांग चोडणकरांच्या वाटेत उभी राहते ती एका खेपेत उचलणाऱ्या. हे चांगले झाले. मोठ्या बोटीला खोल पाणी लागते आणि भक्कम धक्का लागतो, तेव्हा गाळ काढणे आणि रॅम्पची डागडुजी ही कामे आता लांबणीवर टाकता येणार नाहीत. बाकीच्या मार्गांवर, विशेषतः दिवाडी आणि तेरेखोलला, जुन्याच बोटी आहेत. त्यांची पाळी कधी येणार, हे धक्क्यावर उभी असलेली माणसे विचारत आहेत.